आधी यादी, मग करार

खान्देशातल्या लोककलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचं, वह्यांचं, मुखवट्यांचं काय करायचं, यावर सध्या जो वाद चालतो तो दोन घोषणांमध्ये अडकून पडला आहे. एका बाजूचे म्हणतात, कानबाई देवीची गाणी, डफावर गटाने गायचं वहीगायन, आदिवासी सोंगाड्या पार्ट्यांचे खेळ, भवाडा या सोंगांच्या नाचातले मुखवटे हे आपलं धन आहे. परदेशातल्या ग्रंथालयांच्या आणि संग्रहालयांच्या हाती ते गेलं की कायमचं गेलं, म्हणून एक कॅसेटही बाहेर जाता कामा नये. दुसऱ्या बाजूचे विचारतात, इथे कोणाला पडली आहे? कॅसेटींना बुरशी लागते आहे, गाणारी माणसं एकेक करून जात आहेत. लंडन, पॅरिस, बर्लिन, जो घ्यायला तयार असेल त्याला देऊन मोकळे व्हा, निदान वाचेल तरी. महाविद्यालयाचं चर्चासत्र असो, अहिराणीप्रेमींचा मेळावा असो की मोबाइलवरचा गट असो, हेच दोन सूर ऐकू येतात. कळकळ दोन्हीकडे आहे. पण सहकार्य म्हणजे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, असं दोघांनीही न तपासता धरून ठेवलं आहे. मला ही समजूतच मुळात चुकीची वाटते. गाणं, नाच, नाटक अशा प्रयोगकलांचे संग्रह आंतरराष्ट्रीय सहकार्याशिवाय टिकत नाहीत, आणि खान्देशासारख्या प्रदेशाला त्याची गरज पुण्या-मुंबईहून जास्त आहे. मात्र ज्याच्याजवळ आपल्या ठेव्याची नीट यादी नाही, तो धड देऊ शकत नाही, मागू शकत नाही, आणि काही हरवलं तर ते त्याला कळतही नाही. म्हणून आधी यादी, मग करार. मूळ प्रत इथे, नकला जगभर.

प्रयोगकलांचा संग्रह हा प्रकारच इतर संग्रहांहून अवघड आहे. शिलालेख म्हणजे तो दगडच. तो जपला की काम झालं. पण पहाटे संपलेल्या वगाचं काय जपणार? उरतात ते तुकडे: एखादं हँडबिल, घुंगरांची जोडी, तमाशाच्या सरदाराने पाठ केलेले संवाद कोणीतरी उतरवून घेतलेली वही, बुकिंगची पावती, कोणा हौशी माणसाने टेपरेकॉर्डर समोर ठेवून केलेलं खरखरीत मुद्रण. हे तुकडेही एका जागी राहत नाहीत, कारण कलावंत फिरते असतात. युरोपातही हेच झालं. नटसंच एका देशातून दुसऱ्या देशात जायचे, त्यामुळे एकाच प्रयोगाचे कपडे एका शहरात, नेपथ्याची चित्रं दुसऱ्या शहरात आणि पत्रं तिसऱ्याच शहरात सापडतात. अशा संग्रहांना एकमेकांशिवाय पर्याय नाही, हे ओळखूनच 1954 साली प्रयोगकलांच्या ग्रंथालयांची आणि संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, सिबमास, जन्माला आली. संगीत ग्रंथालयांची संघटना त्याआधी 1951 मध्ये झाली होती, ध्वनिसंग्रहांची पुढे 1969 मध्ये झाली. या चळवळीच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक कोणतं होतं? आंद्रे व्हाइनस्टाइन यांच्या पुढाकाराने 1960 साली पॅरिसमध्ये निघालेली, जगात कुठे कोणता नाट्यसंग्रह आहे हे सांगणारी निर्देशिका. वस्तूंची हलवाहलव नव्हे, आधी यादी. आपल्याकडे जे वाद घालतात त्यांनी हा इतिहास पाहिलेला दिसत नाही.

आता ‘देऊन टाका’ म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य करतो. बाहेर राहिल्यामुळे वाचलेल्या गोष्टी खरोखर आहेत, आणि मराठी माणसाला त्यांचं उदाहरण शोधायला परदेशात जावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी नाटक तिथे सुरू झालं, असं आपण शाळेत शिकलो. पण तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली गेली होती. ती हस्तलिखितं महाराष्ट्रात नव्हती. तमिळ मुलखातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात होती, म्हणून टिकली. महाराष्ट्रात असती तर टिकली असती का? छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. शहाणपण आपल्याच मुलखात राहतं असं मानणाऱ्यांनी 5 जानेवारी 2004 हा दिवसही आठवावा. त्या दिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि शतकानुशतकांच्या पोथ्या जमिनीवर फेकल्या गेल्या. ते करणारे परके नव्हते.

पण तंजावरचं हेच उदाहरण पुढपर्यंत वाचलं पाहिजे. वाचलं काय, तर शब्द. त्या नाटकांतला नट कसा उभा राहायचा, सूत्रधाराचा आवाज कुठे चढायचा, प्रेक्षक कोणत्या ओळीला दाद द्यायचे, हे तिथे नाही, कारण ती करणारी माणसं आणि तो कागद यांचं नातं तुटलं होतं. लांबच्या ग्रंथालयात वस्तू जगते, तिचा वापर जगेलच असं नाही. भवाड्यातला मुखवटा काचेच्या कपाटात गेला की त्याच्याखालच्या चिठ्ठीवर लाकूड, रंग आणि उंची लिहितात. तो कोणत्या देवाचा, कोणत्या घराने पिढ्यान्‌पिढ्या नाचवला, त्याच्या आधी कोणतं सोंग येतं आणि कोणतं वाद्य वाजतं, हे साक्री-नवापूरकडच्या माणसालाच ठाऊक असतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

न विचारता केलेल्या नोंदीचं काय होतं, याचा धडा आपल्याच भाषेच्या बाबतीत आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 साली निघाला. त्यात भिल्ली बोलींबरोबर खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी, आली. काम प्रचंड होतं आणि त्याच्याशिवाय आजही अहिराणीच्या अभ्यासकाचं भागत नाही. पण देशभरातल्या सगळ्या बोलींचा पहिला नमुना म्हणून निवडलं होतं काय, तर बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट. तुलनेसाठी सर्वत्र एकच मजकूर हवा होता, हे कारण शास्त्रीय आहे आणि मी ते समजू शकतो. तरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर बसून लेकी काय म्हणत होत्या, श्रावणात कानबाईसमोर रात्रभर काय गायलं जात होतं, हे त्या कामाच्या मध्यभागी आलं नाही. प्रश्न कोणता विचारायचा हे बाहेरच्याने ठरवलं की उत्तरं कितीही प्रामाणिक असली तरी ती त्याच्या कामाची निघतात.

मग ‘बाहेर काहीच जाऊ नये’ हा पक्ष बरोबर ठरतो का? अजिबात नाही. त्याला पहिलं उत्तर हवामानच देतं. भुसावळ-जळगावचा उन्हाळा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छताखाली, लोखंडी कपाटात ठेवलेली चुंबकीय फीत त्या उष्णतेत वेटाळते, तिचा लेप सुटतो, एका थराचा आवाज दुसऱ्या थरावर उमटतो. आणि पावसाळ्यात बुरशी येते. त्याहून मोठी अडचण यंत्रांची. फिती वाजवणारी चांगली यंत्रं बनणं बंद झालं, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारी पिढी निवृत्त झाली. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 2019-20 मध्ये इशारा दिला होता की 2025 च्या पुढे चुंबकीय फिती नेमाने उतरवून घेणं जवळपास अशक्य होईल. ती मुदत आता संपली. आपल्या घराघरांतल्या सत्तरी-नव्वदीच्या दशकातल्या मुद्रणांना हा इशारा तंतोतंत लागू आहे. मोबाइल स्पीकरसमोर धरून केलेली नक्कल म्हणजे जतन नव्हे. 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ या दर्जाने उतरवायचं, यंत्राचा शीर्षकोन, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा कोन, फितीप्रमाणे जुळवायचा, मूळ फाइलीला हात न लावता वेगळी प्रत वापरायची, हे ज्ञान सार्वजनिक आहे, आणि ते जगभरच्या संग्रहांनी एकमेकांच्या चुकांतून गोळा केलं आहे. ते ज्ञान घ्यायला आपण नकार देणार का? कशासाठी?

दुसरं उत्तर आगीचं आहे. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं आणि ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांची ध्वनिमुद्रणं त्यात गेली. त्यांतल्या काही भाषा बोलणारं आता कोणी उरलेलं नाही. ज्याची दुसरी प्रत कुठेतरी होती तेवढंच राहिलं. आणि लंडन म्हणजे सुरक्षित, असं वाटणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एकाची ऑनलाइन सूची काही महिने बंद पडली. धुळ्यातलं एक कपाट असो की लंडनमधली इमारत, एका जागी ठेवलेली एकच प्रत ही धोक्यातलीच प्रत असते. नकला वाढवणं, त्या अनेक देशांत ठेवणं हाच एक उपाय माणसाला सापडला आहे. पोथ्यांच्या काळातही तोच होता. ग्रंथ नकलून घेण्याला पुण्य उगाच म्हणत नव्हते.

उरतो चोरीचा मुद्दा, आणि तो खरोखर गंभीर आहे. लोकगीताला कायद्याने कर्ता नसतो. वर्षानुवर्षं गायलेली चाल कोणीही उचलतो, तिच्यावर नवा साज चढवतो आणि त्या नव्या साजाचा मालक होतो. 1994 च्या दुरुस्तीने आपल्या प्रताधिकार कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क आला, पण तो सांगायला कलावंताचं नाव तरी माहीत हवं ना? ‘पारंपरिक, खान्देश’ एवढीच नोंद असलेल्या फितीवरचा आवाज कोणाचा, हे दहा वर्षांनी कोण सिद्ध करणार? म्हणजे चोरीची भीती घालवायची तर दार बंद करून भागत नाही. नाव, गाव, तारीख, प्रसंग आणि संमती लिहून ठेवावी लागते. पुन्हा यादीच.

लिहून ठेवलेलं परत कसं मिळतं, हेही पाहा. अमेरिकेत 1890 च्या मार्च महिन्यात जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी मेन राज्यातल्या पासामाक्वाडी या मूळ रहिवाशांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. शेतात-वस्तीत जाऊन केलेलं ते जगातलं पहिलं मुद्रण मानतात. ती नळकांडी त्या लोकांपासून दूर गेली. 1979 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने अशा नळकांड्यांच्या प्रती ज्यांच्या त्यांना परत देण्याचा प्रकल्प हाती घेतला, आणि अलीकडच्या वर्षांत पासामाक्वाडी लोकांनी स्वतः ती गाणी ऐकून, ओळखून, त्यांना आपल्या भाषेतली नावं दिली. ग्रंथालयाच्या सूचीतच आता त्यांचे शेरे आहेत: हे कोणाचं, कशासाठी वापरायचं, कशासाठी नाही. आपल्या देशातही 1982 साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने लोकसंगीत-अभ्यासाचं जे संग्रहकेंद्र काढलं, आज जे गुरुग्रामला आहे, त्याच्या स्थापनेमागे हाच हेतू होता: परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेल्या मुद्रणांच्या प्रती भारतात परत आणायच्या. म्हणजे सहकार्याचा प्रवाह उलटाही वाहतो. पण तो कुणाकडे वाहणार? परत घ्यायला पलीकडे एक पत्ता लागतो. खान्देशाचा पत्ता कोणता?

इथे एक अवघड प्रश्न आपल्या आपल्यातच विचारायला हवा. ‘आपलं धन’ म्हणणारे आपण कोण? वही गाणारे शेतमजूर आहेत. तमाशा ज्यांनी जगवला त्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवलं होतं. सोंगाड्या पार्टी नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांची आहे, कानबाईची गाणी बायकांची आहेत. आणि या सगळ्यांच्या वतीने बाहेर द्यायचं की नाही याचा वाद घालतोय तो बहुतेक वेळा माझ्यासारखा शिकलेला, नोकरदार पुरुष. पॅरिसच्या संग्रहालयाने विचारलं नाही याचा आपल्याला राग येतो. जळगाव-धुळ्याच्या संस्थांनी तरी किती वेळा विचारलं? काही गाणी ठरावीक व्रताच्या दिवसांतच म्हणायची असं मानणारे लोक सातपुड्यात आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आहेत. त्यांचं ‘हे मुद्रित करू नका’ हे उत्तर आपल्या संशोधकांनाही तितकंच बांधील असलं पाहिजे, जितकं ते परदेशी पाहुण्याला असावं अशी आपली अपेक्षा असते. मालकीचा हा प्रश्न देशी-परदेशी या रेषेवर सुटत नाही. गी प्वातव्हँ जन्माने फ्रेंच होते. त्यांनी आणि हेमा राईरकरांनी, गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल या दुसऱ्या फ्रेंच माणसाने त्यांची संगणकीय मांडणी केली. आज त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. आणि ओवीसमोर ती गाणारीचं नाव आहे, गाव आहे. आपल्याकडच्या किती लोकगीत-संग्रहांत गाणारीचं नाव छापलंय? माझ्या मते परकं-आपलं ठरवायची कसोटी ही आहे.

‘पण खान्देशाची तेवढी ऐपत आहे का?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो इथल्या इतिहासाचा अपमान करतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी शेवटची वर्षं धुळ्यात काढली, 1926 च्या शेवटच्या दिवशी ते तिथेच वारले, आणि त्यांचे कागद जपणारं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी बाडं गोळा करून त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर बांधलं. वाण्या-बामणांच्या माळ्यावर सडणारा कागद हेही एक संशोधनाचं साधन आहे, हे इथल्या माणसांनी सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या आधी ओळखलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी गाणी उतरवून ठेवली नसती, तर 1952 साली छापायला काय उरलं असतं? ती वही ही खान्देशातल्या प्रयोगकलेची पहिली यादी म्हणता येईल, घरातल्याच माणसाने केलेली. तिच्यात शब्द आले, गळा आला नाही, कारण तेव्हा घरात यंत्र नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात आहे. जळगावला गांधीतीर्थ या गांधीजींवरच्या संग्रहालयात कागदपत्रांच्या जतनाची आणि संगणकीकरणाची शास्त्रशुद्ध व्यवस्था 2012 पासून उभी आहे. ज्या विद्यापीठाला आपण बहिणाबाईंचं नाव दिलं, त्याच्या आवारात खान्देशच्या आवाजांसाठी एक खोली असू नये?

मोठ्या शहरातच मोठं काम होतं, हेही खरं नाही. जोधपूरजवळच्या बोरुंदा नावाच्या खेड्यात 1960 साली कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी रूपायन संस्थान सुरू केलं. लंगा-मांगणियार या राजस्थानातल्या पिढीजात गायकांची गाणी त्यांनी आधी स्वतः ऐकली, मुद्रित केली, कोणत्या घराण्यात कोणतं गाणं चालतं याच्या नोंदी ठेवल्या. मग जगभरचे अभ्यासक बोरुंद्याला आले, आणि ते कोठारींच्या नोंदींवर विसंबून काम करू लागले. नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातेत, तेजगढला, भाषा संस्थेच्या आदिवासी अकादमीने ‘वाचा’ हे वाणीचं संग्रहालय काढलं. बोली भिल्ली कुळातल्याच, डोंगर तेच. रेषेच्या अलीकडे मात्र आपण अजून द्यायचं की नाही यावर भांडतो आहोत.

आणि आपल्याकडून जगाला द्यायलाही काही आहे, फक्त फिती नव्हेत. ग्रंथालयांच्या सूचीत रकाने ठरलेले असतात: कर्ता, शीर्षक, साल. वहीगायनाला हे रकाने लावून पाहा. कर्ता नाही, किंवा शेवटच्या कडव्यात नाव गुंफलेला एक आणि प्रत्यक्ष गाणारे आठ. शीर्षक नाही, पहिली ओळही गावागणिक बदलते. साल नाही, पण ऋतू आहे, वार आहे, प्रसंग आहे. वगाला संहिता एक, पण संवाद रोज नवे. युरोपच्या नाट्यसंग्रहांची सगळी रचना लिखित नाटक आणि छापील जाहिरात यांच्याभोवती उभी राहिली. लिखित पाठ नसलेल्या कलेची सूची कशी करायची हा प्रश्न त्यांनाही पडलेला आहे. ज्या दिवशी खान्देशातून अशी सूची निघेल, तिच्यात ‘डफ कोण धरतो’, ‘कानबाईचे रोट (नैवेद्य) कधी झाले’, ‘हे सोंग कोणत्या सोंगानंतर येतं’ असे रकाने असतील आणि शब्द अहिराणी, भिल्ली आणि इथल्या आदिवासींच्या कोकणीचे असतील, त्या दिवशी आपण सहकार्याच्या टेबलावर मदत मागणारे म्हणून बसणार नाही.

कापसाला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, आणि हे कसल्या कॅसेटी घेऊन बसलेत, असंही कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याची तळमळ मी मानतो. पण शेती अडचणीत आली की वही बसवणं परवडत नाही, मुलगा सुरतेला कामाला जातो आणि गाण्यातला मधला आवाज गळून पडतो. म्हणजे या दोन्ही गोष्टींची नासाडी एकाच कारणाने होते आहे, एकीसाठी दुसरी थांबवण्यात काही हशील नाही. शिवाय या कामाचा मोठा खर्च यंत्रांचा नाहीच, माणसांचा आहे, आणि ती माणसं गाणाऱ्यांतलीच असली पाहिजेत. फीत ऐकून ‘हा आवाज अमक्याचा, ही चाल तापीकाठची’ हे जो सांगू शकतो, त्याला मानधन देऊन सूचीकार म्हणून बसवा. पदवीची अट घालू नका. बायकांच्या गाण्यांसाठी बायका नेमा.

मग करार करा, जरूर करा, आणि अटी आपण लिहा. ब्रिटिश लायब्ररीच्याच संकटग्रस्त संग्रहांच्या योजनेत 2004 पासून मूळ वस्तू त्या देशाबाहेर न्यायची नाही असा नियम आहे. तेव्हा ही अट घातली म्हणून कोणी नाराज होईल ही भीती निराधार आहे. मूळ फीत आणि मुखवटा जिल्ह्यात राहील. नकलांपैकी एक गाणाऱ्याच्या घरी जाईल, एक इथल्या संस्थेत, एक देशात दुसरीकडे, एक परदेशात. गाणाऱ्याचं नाव सूचीतून कोणत्याही भाषांतरात वगळता येणार नाही. व्यापारी वापराआधी त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागेल. जे ऐकवायचं नाही असं समाजाने सांगितलं ते बंद राहील, तिथेही आणि इथेही. आणि परदेशी संस्थांजवळ खान्देशाचं जे काही आधीच गेलेलं असेल, त्याची यादी त्यांनी पहिल्या वर्षातच आपल्याकडे द्यायची.